ब्रेक पॅड बदलताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलण्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख ‘सर्वांत चांगला पॅड कोणता’ हे जाणून घेण्याकडे आहे. या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देता येत नाही, कारण पॅड एकटा काम करत नाही. त्याची जोडी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कशी, पॅड तिच्यावर दाबणाऱ्या कॅलिपरशी, ब्रेक ऑइलशी आणि गाडी चालवणाऱ्याच्या सवयीशी जुळावी लागते. म्हणून प्रत्येक वाचकाला माझी पहिली विनंती अशी, की जुना पॅड काढल्यावर तो लगेच फेकून देऊ नका. तो हातात घेऊन उजेडात नीट पाहा. नवा पॅड कसा हवा, किंबहुना दोष मुळात पॅडचा आहे का, हे बहुतेक वेळा तो जुना पॅडच सांगतो.

प्रश्न : माझी १५० सीसीची मोटारसायकल आहे. रोज साधारण ३० किलोमीटर शहरातल्या रहदारीतून जाणे-येणे होते आणि वर्षातून दोन-तीनदा घाटातून लांबचा प्रवास होतो. पुढच्या चाकाचे पॅड संपत आले आहेत. ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक आणि सिंटर्ड असे तीन प्रकार दुकानात दाखवले गेले आणि सिंटर्ड सर्वांत चांगला म्हणून तोच घ्यावा, असा आग्रह झाला. काय करावे?

आग्रहाला लगेच होकार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका पाहा किंवा अधिकृत सेवा केंद्रात विचारा, आणि कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा तिला कोणत्या प्रकारचे पॅड होते ते समजून घ्या. गाडी बनवणाऱ्यांनी तिचे वजन, डिस्कचा व्यास व धातू, लिव्हरजवळच्या, ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचा आकार आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असल्यास त्याची जुळणी, हे सर्व एका विशिष्ट पॅडला धरून ठरवलेले असते. तो प्रकार सोडायचा असेल, तर सोडण्याला तुमच्याकडे ठोस कारण असले पाहिजे.

आता तिन्ही प्रकारांतला फरक. ऑरगॅनिक पॅडमध्ये अरामिडसारखे धागे, काचेचे तंतू, रबर, खनिज भुकटी असे पदार्थ राळेच्या बंधाने एकत्र धरलेले असतात. पूर्वी याच जागी ॲस्बेस्टॉस असे; त्याची धूळ फुफ्फुसांना घातक ठरल्यामुळे तो मागे पडला. ऑरगॅनिक पॅड डिस्कला सांभाळून घेतो, आवाज कमी करतो, आणि लिव्हर जितका दाबावा तितकाच ब्रेक हळूहळू वाढत जातो, त्यामुळे रहदारीत तो हाताला फार सोयीचा वाटतो. त्याची मर्यादा उष्णतेत आहे. राळ एका हद्दीपलीकडे तापली की तिचे विघटन होऊ लागते, पृष्ठभागाला काचेसारखी चकाकी येते आणि पकड घटते. चिखलात आणि सततच्या पावसात तो लवकर झिजतो, हेही खरे.

सिंटर्ड पॅड वेगळ्याच रीतीने घडतो. तांबे, ब्राँझ, लोखंड यांसारख्या धातूंची भुकटी ग्राफाइटसह प्रचंड दाबाखाली, वितळबिंदूच्या खालच्या तापमानाला तापवली जाते आणि कण एकमेकांत मिसळून घट्ट वडी तयार होते. त्यात जळून जाणारी राळ नसल्यामुळे तो जास्त उष्णता सोसतो, ओल्या डिस्कवर लवकर पकड घेतो आणि सहसा जास्त किलोमीटर टिकतो. सेमी-मेटॅलिक हा या दोहोंमधला प्रकार असून त्यात राळेच्या बंधातच धातूचे कण किंवा तंतू मिसळलेले असतात.

मग सिंटर्डच का घेऊ नये? याला दोन कारणे आहेत. पहिले कारण डिस्कचे. सिंटर्ड पॅड कठीण असतो आणि त्याला तितकीच कठीण स्टेनलेस स्टीलची डिस्क लागते. मऊ पॅड धरून बनवलेल्या डिस्कवर, किंवा जुन्या गाड्यांच्या बिडाच्या डिस्कवर तो लावला, तर पॅड टिकतो आणि डिस्क झिजते. आणि डिस्क बदलण्याचा खर्च पॅडच्या कित्येक पट असतो. दुसरे कारण फारसे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. धातूचा पॅड उष्णता उत्तम वाहून नेतो, आणि ती उष्णता पॅडच्या पाठीमागून पिस्टनमध्ये, म्हणजे पॅड ढकलणाऱ्या दट्ट्यात, आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ऑरगॅनिक पॅड उष्णता अडवतो. त्यामुळे जुने, पाणी शोषलेले ब्रेक ऑइल तसेच ठेवून केवळ पॅड सिंटर्ड केले, तर लांब उतारावर ते ऑइल आधीपेक्षा लवकर उकळण्याची शक्यता वाढते. ब्रेक सुधारावा म्हणून केलेला बदल ब्रेक कमकुवत करतो, तो असा.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून, तुमच्या गाडीला मूळचे ऑरगॅनिक किंवा सेमी-मेटॅलिक पॅड असतील तर त्याच प्रकारचे, मूळ कंपनीचे किंवा तितक्याच भरवशाच्या ब्रेक उत्पादकाचे पॅड घ्यावेत. मूळचे सिंटर्ड असतील तर मात्र स्वस्त पडतात म्हणून ऑरगॅनिकवर उतरू नये. जड गाडी, मागे नेहमी दुसरा माणूस, सामान आणि रोजचा घाट असे असते, तर मी सेमी-मेटॅलिककडे किंवा डिस्क त्याला योग्य असल्यास सिंटर्डकडे झुकलो असतो. रेसिंगसाठी बनवलेले पॅड रस्त्यावर कोणीही वापरू नयेत. ते चांगले तापल्यावरच धरतात, आणि सकाळी घराबाहेर पडताच समोर मूल आडवे आले तर पॅड तापण्याची वाट पाहता येत नाही.

एक बाब राहिली. डिस्कवर बहुधा तिची किमान जाडी कोरलेली असते. पॅड बदलताना मायक्रोमीटरने जाडी मोजून घ्या. डिस्कच्या कडेला नखाला अडकणारा उंचवटा तयार झाला असेल, तर डिस्क किती झिजली आहे हे नुसत्या स्पर्शानेही कळते. किमान जाडीच्या खाली गेलेल्या डिस्कवर कोणताही नवा पॅड बसवणे वाया आहे.

प्रश्न : पॅडच्या मागच्या पत्र्यावर ‘एफएफ’, ‘जीजी’, ‘एचएच’ अशी अक्षरे असतात. एचएच असलेला पॅड सर्वांत सुरक्षित, असे समजावे का?

ही अक्षरे घर्षणगुणांक सांगतात, म्हणजे पॅड डिस्कला किती पकडतो ते. पहिले अक्षर साधारण तापमानाचे, सुमारे ९३ ते २०४ अंश सेल्सिअसच्या टप्प्यातले. दुसरे तापलेल्या अवस्थेचे, ज्यात चाचणी सुमारे ३४३ अंशांपर्यंत नेली जाते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि ‘एच’ म्हणजे ०.५५ च्या वर. दोन्ही अक्षरे सारखी असली तर पॅड गार असताना आणि तापल्यावर जवळपास सारखाच वागेल, अशी अपेक्षा ठेवता येते. दुसरे अक्षर उतरत्या क्रमातले असेल, म्हणजे ‘जीएफ’ असे काही, तर तापल्यावर पकड कमी होते असा त्याचा अर्थ.

पण या अक्षरांची मर्यादा लक्षात घ्या. ही चाचणी पॅडचा जेमतेम एक इंच चौरस तुकडा प्रयोगशाळेतल्या फिरत्या ड्रमवर दाबून केली जाते. तुमच्या गाडीची डिस्क, पावसाचे पाणी, पॅडचे आयुष्य, डिस्कची झीज, आवाज यांपैकी कशाचाही त्यात हिशेब नसतो. शिवाय एका अक्षराचा पट्टा रुंद असतो, ०.४६ चा पॅडही ‘जी’ आणि ०.५४ चाही ‘जी’. दोघांत हाताला चांगलाच फरक जाणवेल.

जास्त घर्षण म्हणजे जास्त सुरक्षितता, हे समीकरणही धोक्याचे आहे. एबीएस नसलेल्या हलक्या गाडीवर अतिशय कडक पकडीचा पॅड लावला आणि ओल्या रस्त्यावर घाबरून लिव्हर कचकन दाबला, तर पुढचे चाक लॉक होऊन माणूस खाली येतो. ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त असून उपयोग नाही. ती बोटांनी मापून देता आली पाहिजे. अक्षरांपेक्षा मला वर्तुळातल्या ‘ई’ खुणेचा आणि तिच्यासोबतच्या ‘९०आर’ या आकड्याचा जास्त आधार वाटतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ९० अन्वये ती खूण मिळते आणि त्यात बदली पॅडची तुलना त्या वाहनाच्या मूळ पॅडशी केली जाते.

प्रश्न : दीड वर्षात पुढचे पॅड तीनदा बदलले. दर वेळी एक पॅड लोखंडापर्यंत झिजतो आणि दुसरा जवळपास नवाच असतो. पॅडच निकृष्ट मिळतात असे वाटते. चांगल्या दर्जाचा पॅड सुचवावा.

पॅड सुचवत नाही, कारण तुमच्या पॅडमध्ये दोष असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. एकाच जोडीतला एक पॅड संपतो आणि दुसरा उरतो, तेव्हा कॅलिपर अडकलेला असतो.

बहुतेक मध्यम गाड्यांवर तरंगता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला असतो. लिव्हर दाबला की पिस्टन आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून सरकून पलीकडचा पॅड ओढून आणतो. या पिना सुकल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही. पिस्टनकडचा पॅड एकटाच सर्व काम करतो आणि एकटाच झिजतो. दोनपैकी एकच पिन अडकली असेल, तर कॅलिपर तिरका होतो आणि पॅड पाचरीसारखा, एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ असा झिजतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या हाती आलेल्या एका गाडीचे पॅड असेच वारंवार बदलले गेले होते. पिस्टनकडच्या पॅडचे लायनर, म्हणजे घासणारा थर, संपून पत्रा डिस्कला घासू लागला होता आणि डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा उमटल्या होत्या; पलीकडच्या पॅडवरची नव्या पॅडची खाच मात्र अजून शाबूत होती. कॅलिपर खोलला तेव्हा वरची पिन हाताने हलेना. पकडीत धरून, फिरवत-फिरवत ती बाहेर काढावी लागली. तिच्या मधोमध तपकिरी गंजाचे कडे बसले होते, रबराच्या बुटाला केसाएवढी चीर होती, आणि आतले ग्रीस वाळून मेणासारखे झाले होते. त्या चिरेतून वर्षानुवर्षे पाणी आत जात राहिले, आणि पॅड बदलताना कुणीही ती पिन बाहेर काढून पाहिली नव्हती. पिन, बूट आणि ग्रीस बदलल्यावर पुढची जोडी दोन्ही बाजूंनी सारखी झिजली. त्या गाडीच्या मालकाने तोवर पॅडवर केलेला खर्च आठवला की मला अजूनही वाईट वाटते, कारण दुरुस्ती अर्ध्या तासाची होती.

तुम्हीही नवे पॅड घेण्याआधी दोन्ही पिना काढायला सांगा. त्या साफ करून, सिलिकोनयुक्त ब्रेक ग्रीस लावून बसवाव्यात. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये. त्याने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. त्याच वेळी पिस्टनही तपासा. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील ब्रेक लागताना किंचित पिळली जाते आणि लिव्हर सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतो तो याच हालचालीने. पिस्टनवर मळ किंवा गंज असेल तर ही हालचाल होत नाही, आणि पॅड सतत घासत राहतो. कॅलिपरच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या गाड्यांवर असमान झीज दिसली, तर एखादा पिस्टन अडकला आहे असे समजावे.

कॅलिपर बसवल्यावर पुढचे चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. हलका घासल्याचा आवाज चालेल, पण चाक मोकळे फिरले पाहिजे.

प्रश्न : पत्नीला मागे बसवून घाट उतरत असताना जळका वास आला. आधी लिव्हर टणक लागत होता पण गाडी थांबत नव्हती. थोड्या वेळाने लिव्हर थेट मुठीपर्यंत जाऊ लागला. सुदैवाने गाडी थांबली. अर्ध्या तासाने ब्रेक ठीक झाला. आता पॅड बदलणे पुरेसे आहे का?

नाही, आणि तुम्ही दोन्ही लक्षणे वेगवेगळी नोंदवलीत हे फार बरे केलेत, कारण ती दोन वेगळ्या बिघाडांची आहेत.

लिव्हर टणक आहे आणि तरी ब्रेक लागत नाही, याचा अर्थ दाब पॅडपर्यंत पोहोचतो आहे पण पॅडची पकड सुटली आहे. राळ जळून तिचा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतो, आणि जळका वास त्याचाच. लिव्हर मुठीपर्यंत जातो तेव्हा मात्र ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून तुमच्या बोटांचा दाब बुडबुडे दाबण्यातच संपतो. गार झाल्यावर वाफ पुन्हा द्रव होते आणि सर्व ठीक वाटू लागते. हे ठीक वाटणे फसवे आहे.

घाटात ब्रेकवर किती भार येतो, हे आकड्यांनी पाहू. गाडी आणि माणसे मिळून २३० किलो धरा. ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबताना सुमारे ५७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. ताशी ४० वरून थांबताना फक्त १४. वेग अर्धा झाला की ऊर्जा चौथाई होते. आता हीच गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ११२७ किलोज्यूल मोकळे होतात, म्हणजे ८० वरून जवळजवळ २० वेळा थांबण्याइतके. हवेचा विरोध आणि इंजिन यांनी त्यातला वाटा उचलला नाही, तर ते सर्व त्या दोन पॅडांवर आणि एका डिस्कवर येते. म्हणूनच घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे, इंजिनला गाडी आवरू द्यावी, आणि ब्रेक सतत हलका धरून ठेवण्याऐवजी वळणाआधी थोडा वेळ घट्ट लावून पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरण्याची काहींची सवय आहे. ती कृपया सोडावी.

तुमच्या बाबतीत तीन कामे करावी लागतील. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून ब्लीडिंग करा, म्हणजे नळीतली हवा काढून टाका. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, पण हवेतली आर्द्रता शोषून घेतल्यावर हा आकडा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून किलोमीटर कमी झाले असले तरी सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी ते बदलावे. डॉट ५ हे सिलिकोनचे निराळे ऑइल असून ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नये. दुसरे, पॅड काढून पाहा. लायनरवर आरशासारखी चकाकी, तडे, किंवा कडेला भुगा होऊन पडणारा भाग दिसला तर जोडी बदला. तुम्ही वर्णन केलेल्या प्रसंगानंतर मी तर बदलाच म्हणेन. तिसरे, डिस्कवर निळसर-जांभळे डाग पडले आहेत का आणि ती वाकली आहे का, हे तपासून घ्या. एवढे झाल्यावरच वरच्या प्रतीचा पॅड घेण्याचा विचार करावा. दोघांनी नेहमी घाटातून जाणे होत असेल, तर तो विचार योग्य आहे.

प्रश्न : नवे पॅड बसवल्यावर ब्रेक पूर्वीपेक्षा कमी लागतो. दुकानदाराने खोटा माल दिला असेल का?

तसे असू शकते, पण आधी पॅडला डिस्कवर बसू द्या. जुन्या डिस्कवर बारीक चढ-उतार असतात आणि नवा पॅड सपाट असतो. त्यामुळे सुरुवातीला दोहोंचा संपर्क काही उंचवट्यांपुरताच होतो. शिवाय पॅडच्या द्रव्याचा एक पातळ थर डिस्कवर सारखा पसरावा लागतो, आणि त्यानंतरच पूर्ण पकड मिळते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ५० ते ६० वेगावरून २० पर्यंत, मध्यम दाबाने, दहा-पंधरा वेळा वेग कमी करा. दर वेळी मध्ये थोडे अंतर ब्रेक न लावता चालवा आणि तापलेल्या अवस्थेत ब्रेक दाबून गाडी उभी करू नका, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. त्यानंतरचे दोन-तीनशे किलोमीटर अचानक जोराचे ब्रेक शक्यतो टाळा आणि समोरच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

जुना पॅड सिंटर्ड होता आणि नवा ऑरगॅनिक आहे, असेही तुमच्याकडे झाले असेल, तर डिस्क बारीक पॉलिशपेपरने गोलाकार घासून ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. वेगळ्या द्रव्याचा जुना थर नव्या पॅडला नीट बसू देत नाही.

एवढे करूनही सुधारणा झाली नाही, तर पॅडकडे संशयाने पाहावे. बनावट पॅडची छपाई पुसट असते, पाठीच्या पत्र्यावर उत्पादकाचा क्रमांक किंवा बॅच कोरलेली नसते, पत्र्याच्या कडा खरबरीत असतात आणि लायनर व पत्रा यांच्या जोडावर फट दिसते. ही फट मला सर्वांत गंभीर वाटते. कमी पकडीचा पॅड निदान जाणवतो. पत्र्यापासून सुटणारे लायनर मात्र जोराच्या ब्रेकच्या क्षणीच सुटते. नखाने किंवा पातळ पात्याने जोड तपासा, आणि शंका आली तर तो पॅड गाडीला लावू नका.

प्रश्न : पॅड बदलल्यापासून ब्रेक लावताना शिट्टीसारखा आवाज येतो. पॅडवर थोडे तेल सोडावे असे एकाने सुचवले.

तेलाचा एक थेंबही पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला लागू देऊ नका. लायनर सच्छिद्र असते, ते तेल शोषते आणि मग ते पॅड टाकूनच द्यावे लागतात. साखळीवर स्प्रे मारताना मागची डिस्क कापडाने झाकावी, ती याचसाठी.

शिट्टी हा पॅडच्या कंपनाचा आवाज आहे. पॅडच्या पाठीमागचा पातळ पत्रा, म्हणजे शिम, आणि पॅड दाबून धरणारी स्प्रिंगपट्टी जुन्या पॅडबरोबर फेकली गेली नाही ना, ते आधी पाहा. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. पॅडच्या पाठीवर, जिथे पिस्टन टेकतो तिथे, आणि पिनेवर उष्णता सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. पॅडची पुढची धारदार कड कानशीने किंचित उतरवल्यानेही फरक पडतो. सिंटर्ड पॅड गार असताना थोडा आवाज करतोच, तो दोष नव्हे. मात्र शिट्टीऐवजी कर्कश खरखर असेल, तर गाडी तिथेच थांबवा. ती पत्रा डिस्कला घासल्याची खरखर असते.

प्रश्न : आम्ही पावसाळ्यात कच्च्या, चिखलाच्या रस्त्याने रोज जातो. पॅड तीन महिन्यांत संपतात.

तुमच्यासाठी, डिस्क स्टेनलेस स्टीलची आणि पुरेशी कठीण असल्यास, मी सिंटर्डच सुचवेन. चिखल सँडपेपरसारखा लायनर खातो, आणि ऑरगॅनिक पॅड त्यापुढे टिकत नाही. आठवड्यातून एकदा कॅलिपर साध्या पाण्याने धुवा, पण जोराच्या फवाऱ्याचे तोंड पिस्टनच्या सीलवर किंवा पिनेच्या बुटांवर धरू नका.

प्रश्न : पॅड घरी बदलण्याचा विचार आहे. कोणत्या जाडीला बदलावे आणि काय सांभाळावे? एका कॅलिपरमधला एकच पॅड बदलला तर चालेल का?

एकच पॅड बदलू नये. जोडीनेच बदलावा, आणि पुढे दोन डिस्क असतील तर दोन्ही बाजूंच्या जोड्या एकाच प्रकारच्या व एकाच वेळी. पुढे आणि मागे वेगळा प्रकार मात्र चालतो. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर जात असल्याने मागचे चाक हलके होते व सहज लॉक होते, म्हणून मागे सौम्य ऑरगॅनिक पॅड मला पसंत आहे.

लायनरवर झीज दाखवणारी खाच असते. ती पुसली गेली की पॅड संपला. खाच दिसत नसेल तर लायनर २ मिलिमीटरवर आल्यावर बदलून टाका, १ मिलिमीटरची वाट पाहू नका. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडाला मास्क लावावा. नवे पॅड जाड असल्यामुळे पिस्टन मागे ढकलावा लागेल. त्याआधी पिस्टनचा बाहेर आलेला भाग साफ करा, नाहीतर त्यावरचा मळ सीलमध्ये शिरतो. पिस्टन मागे जाताना ऑइल वर चढते, म्हणून ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून पातळीवर लक्ष ठेवा. ब्रेक ऑइल रंग खाते. पेट्रोलच्या टाकीवर जाड फडके पसरा आणि सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे पिळण्याच्या तेवढ्याच जोराने, कसावेत.

सर्व बसवून झाल्यावर गाडी स्टँडवरच ठेवून लिव्हर पुन्हापुन्हा दाबा. पहिल्या काही दाबांना तो मुठीपर्यंत जाईल, कारण पिस्टन अजून पॅडपासून दूर असतो. हळूहळू तो टणक होत जाईल. तो नेहमीच्या जागी टणक झाला आणि टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे हे पाहिले, की मगच गाडी स्टँडवरून काढा.